लावायचं की देवाचं?

कुंकू, शेंदूर, भंडारा, मिश्री आणि पार्लरमधली पांढरी डबी... सौंदर्यप्रसाधनांत काय घालायचं नाही याची सरकारी यादी चांगली लांबलचक आहे. ती मॉलमधून पेठेत पोचते का, हे बघायला सातारा-सांगलीची एक चक्कर.

हल्ली प्रत्येक ऑफिसात एक तरी ‘लेबल रीडर’ असते. लंच अवरमध्ये कुणी नवा लिप बाम बाहेर काढला, की ही बया तो उलटा करते, डोळे बारीक करते आणि निकाल देऊन टाकते, ‘पॅराबेन आहे गं यात!’ मग बाकीच्या जणी आपापल्या पर्स उपसतात. सल्फेट-फ्री, सिलिकॉन-फ्री, अमुक-फ्री, तमुक-फ्री. मुलंही आता यात मागे नाहीत. बिअर्ड ऑइलच्या बाटलीमागचं बारीक अक्षर मोबाईलने झूम करून वाचणारे महाभाग माझ्या ओळखीत आहेत.

वाईट काहीच नाही त्यात. पण हा सगळा अभ्यास होतो तो अशा वस्तूंचा, ज्यांना मुळात लेबल असतं. संक्रांतीच्या तोंडावर मी साताऱ्याला आणि तिथून सांगलीला गेले, तेव्हा डोक्यात प्रश्न साधा होता. अंगाला, चेहऱ्याला लावायच्या वस्तूंमध्ये काय घालायला कायद्याने मनाई आहे, आणि ती मनाई पेठेत, जत्रेत, गल्लीतल्या पार्लरमध्ये कुणाला ठाऊक आहे का? म्हटलं, हळदीकुंकवाचा सीझन आहे, सुरुवात कुंकवापासूनच करू.

साताऱ्यात मोती चौकाजवळ पूजा साहित्याच्या एका दुकानात कुंकू मागितलं. काकांनी मान वर न करताच विचारलं, ‘लावायचं का देवाचं?’

मी म्हटलं, फरक काय? त्यांनी दोन्ही दाखवलं. देवाचं म्हणजे मोठ्या डब्यातलं, सुटं, वजनावर मिळणारं, भडक लाल आणि स्वस्त. लावायचं म्हणजे छोट्या डबीतलं, जरा मळकट लाल आणि महाग. आणि वर एक सल्ला फुकट, ‘देवाचं लावू नका ताई, खाज येती.’

काकांनी नियमावली वाचली असण्याची शक्यता कमीच. पण सौंदर्यप्रसाधनांच्या कायद्याची अख्खी भानगड त्यांनी त्या चार शब्दांत सांगून टाकली होती.

बंदी आणि मर्यादा

आता थोडा कायदा. (दोनच मिनिटं, पान उलटू नका!)

आपल्याकडे औषधं आणि सौंदर्यप्रसाधनं या दोन्हींना मिळून एकच कायदा आहे, १९४० सालचा. मुळात तो फक्त औषधांचा होता. पावडर-लिपस्टिक त्यात आली ती १९६२च्या दुरुस्तीने. नंतर कित्येक वर्षं दोघांचे नियमही एकाच पुस्तकात होते. सौंदर्यप्रसाधनांना स्वतःची वेगळी नियमावली मिळाली डिसेंबर २०२०मध्ये. काय घालायचं नाही, याचा तपशील मात्र भारतीय मानक ब्यूरोच्या ‘आयएस ४७०७’ या मानकात आहे. त्याचे दोन भाग. पहिल्यात चालणारे रंग. दुसऱ्यात न चालणारे आणि जपून चालणारे पदार्थ. दुसऱ्या भागाची धाटणी बरीचशी युरोपच्या यादीसारखी आहे. युरोपच्या २००९च्या नियमात तर नुसत्या बंदी असलेल्या पदार्थांचीच संख्या सोळाशेच्या वर जाते.

यात ‘बंदी’ आणि ‘मर्यादा’ या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि आपण बहुतेक वेळा त्यांची गल्लत करतो. रंग यावा म्हणून शिशाची किंवा आर्सेनिकची संयुगं वापरणं, ही सरळ बंदी. पण रंग तयार होताना अशुद्धी म्हणून जे शिसं राहून जातं, त्याला मर्यादा आहे २० पीपीएम. आर्सेनिकला २ पीपीएम. पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक भाग. किलोभर पावडरीत एक मिलिग्रॅम. पाऱ्याचंही तसंच. क्रीममध्ये तो मुद्दाम घालायचा नाहीच. चुकून आला तर १ पीपीएमच्या वर नको. फक्त डोळ्यांच्या प्रसाधनांत टिकाऊपणासाठी ७० पीपीएमपर्यंत चालतो. टूथपेस्टमध्ये फ्लोराइड चालतं, पण १००० पीपीएमपर्यंतच. (हो, कायद्याच्या लेखी टूथपेस्ट हेही सौंदर्यप्रसाधनच आहे.)

मर्यादेचं सगळ्यात घरगुती उदाहरण म्हणजे केसांचा डाय. त्यात पॅराफिनिलिन डायअमिन असतं. त्याच्यावर बंदी नाही, पण पाकिटावर इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत इशारा छापणं सक्तीचं आहे. भुवयांना, पापण्यांना लावू नका, आंधळेपणा येऊ शकतो, असं त्यात स्पष्ट म्हटलेलं असतं. सोबत चाचणीची कृतीही द्यावी लागते. कानामागे थोडा डाय लावायचा, चोवीस तास थांबायचं, लाली आली नाही तरच डोक्याला लावायचा. आणि हे प्रत्येक वेळी करायचं, पहिल्याच वेळी नाही! मी साताऱ्यात ज्या सलूनमध्ये डोकावले, तिथे एक आजोबा खुर्चीत बसल्यापासून केस काळे होईपर्यंत जेमतेम पाऊण तास लागला. लग्नसराईत पाच मिनिटांत काळीभोर होणारी मेंदीसुद्धा याच घराण्यातली. मेंदीच्या पाल्याने हात काळे होत नाहीत, लालसर तपकिरीच होतात. काळा रंग बाहेरून घातलेला असतो, बहुतेक वेळा हाच.

तर यादी चांगली आहे. घोळ आहे तो व्याख्येत. कायदा म्हणतो, मानवी शरीराला चोळण्यासाठी, ओतण्यासाठी, शिंपडण्यासाठी, लावण्यासाठी असलेली आणि स्वच्छता, सौंदर्य, आकर्षकपणा किंवा रूप बदलणं हा ज्याचा हेतू आहे अशी वस्तू म्हणजे सौंदर्यप्रसाधन. शरीर मानवी हवं आणि हेतू सौंदर्याचा हवा. म्हणजे लावायचं कुंकू कायद्यात बसतं. नियमावलीच्या परिशिष्टात कुंकू पावडरीचं नाव आहे, सिंदूर आहे, द्रवरूप बिंदी आहे, मेंदी पावडरही आहे. देवाचं कुंकू मात्र नुसतं पूजा साहित्य. ते अगरबत्ती आणि कापसाच्या वातींच्या रांगेत जाऊन बसतं.

आणि हळदीकुंकवाला आलेल्या बाईला कुंकू लावताना ते कुठल्या डब्यातलं आहे, हे कोण विचारतं?

मारुतीचा शेंदूर

कुंकवाचं एक वेळ ठीक. शेंदराची गोष्ट त्याहून भारी आहे, आणि या भागात ती टाळता येत नाही. समर्थ रामदासांनी सतराव्या शतकात स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी सात सातारा जिल्ह्यात आहेत : चाफळचे दोन, माजगाव, शिंगणवाडी, उंब्रज, मसूर आणि शहापूर. दोन सांगली जिल्ह्यात, बहे-बोरगावला आणि शिराळ्याला. उरलेले दोन कोल्हापुरात. शिवाय गावोगावचे, वेशीवरचे, पारावरचे मारुती वेगळेच. मारुती म्हटला की तेल आणि शेंदूर आलाच.

असली शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. रसायनशास्त्राच्या पुस्तकातलं सूत्र काढून हिशोब केला, तर त्याच्या वजनात नव्वद टक्के नुसतं शिसं निघतं. किलोभर शेंदरात नऊशे ग्रॅम. सौंदर्यप्रसाधनाच्या रंगाला परवानगी किती? किलोला वीस मिलिग्रॅम. हा फरक जवळजवळ पंचेचाळीस हजार पटींचा आहे! एरवी आपण भेसळीच्या नावाने खडे फोडतो. इथे उलटी तऱ्हा आहे. माल जितका अस्सल, तितका विषारी.

पण मारुती काही मानवी शरीर नाही. त्यामुळे सौंदर्यप्रसाधनाच्या कायद्याचा इथे संबंधच येत नाही, आणि शब्द बघितले तर ते बरोबरही आहे. फक्त दर्शन झाल्यावर मूर्तीच्या पायाशी बोट फिरवून तोच शेंदूर आपण कपाळाला लावतो, कडेवरच्या पोराच्याही कपाळाला लावतो. त्या क्षणी तो कायद्याच्या व्याख्येत शिरला की नाही, यावर वकिलांनी भांडावं. त्या पोराचा हात कपाळावरून तोंडात जायला मात्र फार वेळ लागत नाही.

खरा धोका तोच आहे. असं शिसं कातडीतून फारसं आत शिरत नाही. पोटात जातं ते बोटांवाटे, नाहीतर कोरड्या पुडीची धूळ नाकातोंडात गेल्याने. म्हणून वर्षातून दोनदा टिळा लावणाऱ्यापेक्षा रोज शेंदूर कालवणारे, मूर्तीवरची जुनी पुटं खरवडणारे पुजारी आणि रांगणारी मुलं यांना जास्त जपायला हवं. मुलांच्या बाबतीत शिशाची अमुक पातळी सुरक्षित, असं जागतिक आरोग्य संघटना म्हणतच नाही. सुरक्षित पातळी नाहीच.

आता कुणी म्हणेल, आम्ही भांगात सिंदूर भरत नाही, आमचं काय? तरी २०१७ सालचा एक अभ्यास सांगितलाच पाहिजे. अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनी न्यू जर्सीतल्या दुकानांतून ९५ आणि भारतातून २३ असे सिंदुराचे ११८ नमुने तपासले. न्यू जर्सीतल्या १९ टक्के नमुन्यांत शिसं २० पीपीएमच्या वर निघालं. भारतातल्या नमुन्यांत हेच प्रमाण ४३ टक्के होतं. सिंदूर हे आपल्या परिशिष्टात नाव असलेलं, म्हणजे कायद्याच्या आत असलेलं प्रसाधन आहे, हे लक्षात ठेवा. आतल्याची ही अवस्था, मग सुट्या मालाची काय असेल?

कराडकडे जाताना उंब्रजजवळ पालचा फाटा लागतो. पालचा खंडोबा पौषात लग्न लावून घेतो आणि त्या दिवशी आसमंत पिवळा होतो. भंडारा म्हणजे हळद. पण मणामणाने उधळायचा भंडारा सगळा अस्सल हळदीचाच असतो, असं सांगलीतला कुठलाही हळद व्यापारी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. हळदीचा भाव त्याला माहीत असतो. स्टार्चच्या पावडरीत पिवळा रंग घातला की काम भागतं. गंमत बघा, कायद्याच्या व्याख्येत ‘मानवी शरीरावर शिंपडण्यासाठी’ हे शब्द आहेत. भंडारा शिंपडलाच जातो, डोळ्यांत जातो, नाकात जातो. पण हेतू भक्तीचा. सौंदर्याचा नाही ना!

आजीची मिश्री

कराडच्या बाजारात तंबाखूच्या दुकानासमोरून जाताना भाजक्या तंबाखूचा तो खमंग-जळका वास आला आणि आणखी एक बंदी आठवली. ही बंदी चक्क सुप्रीम कोर्टापर्यंत गेली होती. १९९२ साली केंद्र सरकारने तंबाखू असलेल्या टूथपेस्ट आणि दंतमंजनावर बंदी घातली. उत्पादक कोर्टात गेले. १९९७मध्ये सुप्रीम कोर्टाने बंदी कायम ठेवली. म्हणजे दात घासायच्या पावडरीत तंबाखू हा निषिद्ध घटक, विषय संपला.

फक्त सातारा-सांगलीच्या कितीतरी घरांत आजी सकाळी उठून तेच करते. तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेली तंबाखू, बारीक करून डबीत. आधी सकाळी एकदा, मग दुपारी, मग ‘दाढ ठणकतीय’ म्हणून रात्री. कारखान्यात बनवून, ‘दंतमंजन’ असं छापून विकली, तर ती बंदीत येते. घरच्या तव्यावर भाजली की तिला ना लायसन्स, ना लेबल. आणि सरकारचाही गोंधळ बघा, २००३च्या तंबाखू नियंत्रण कायद्याच्या परिशिष्टात तंबाखूजन्य पदार्थांच्या यादीत ‘तंबाखूयुक्त दंतमंजन’ ठळकपणे आहे. एका कायद्याने बंद केलेली वस्तू अकरा वर्षांनी दुसऱ्या कायद्याच्या यादीत हजर!

मिश्री लागलेल्या बाईला तुम्ही ‘हे कॅन्सरचं कारण आहे’ म्हणून सांगितलंत, तर ती म्हणते, ‘तंबाखू खाती कुठं मी, दात घासती.’ इथेही सगळं हेतूवरच येऊन थांबतं.

हळदीच्या गावात

सांगलीत मात्र मी जरा खुशीत होते. हळदीच्या गावात तरी खरं कुंकू मिळेल! सांगलीच्या हळदीला २०१८मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. शहराला लागून हरिपूर आहे, कृष्णा-वारणेच्या संगमाचं. तिथली जमिनीखालची पेवं हळद साठवण्यासाठी प्रसिद्ध. २००५च्या महापुराने त्यांतली बरीच निकामी केली आणि व्यापारी गोदामांकडे, कोल्ड स्टोअरेजकडे वळले. मार्केट यार्डात लिलावाच्या दिवशी नुसतं उभं राहिलं, तरी घरी येऊन रुमाल झटकला की पिवळी धूळ पडते.

कुंकू हे मुळात हळदीचंच अपत्य. पांढऱ्या शर्टवर आमटी सांडली आणि साबण लावला की पिवळा डाग लाल होतो, हे तुम्ही पाहिलं असेलच. कुंकवाचं रसायनही हेच. हळदीला चुन्यासारखं काहीतरी अल्कधर्मी भेटलं की ती लाल होते. जुन्या कृतींमध्ये टाकणखार, तुरटी, लिंबाचा रस असंही येतं. सोलापूर जिल्ह्यातलं केम हे गाव तर कुंकवाच्या कारखान्यांसाठीच ओळखलं जातं. चुन्यावर केलेल्या कुंकवाची एक सोपी परीक्षा आहे. चिमूटभर घेऊन त्यावर लिंबू पिळा. लाली उतरून पिवळेपणा परत आला, तर आत हळद आहे.

मी ही परीक्षा लॉजच्या खोलीत, गणपती पेठेतून आणलेल्या तीन पुड्यांवर केली. एक पिवळी पडली. दोन जशाच्या तशा भडक, आणि बेसिनला जो गुलाबी डाग पडला तो निघता निघेना. (रूम सर्व्हिसवाल्या दादांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ते सोडा.) आता, लाल राहिलेल्या पुड्या विषारीच होत्या, असं मी म्हणणार नाही. लिंबाने शिसं कळत नाही. एवढंच कळलं, की त्यांचा रंग हळदीचा नव्हता. मग तो परवानगीच्या यादीतला होता का कापड रंगवायचा, हे प्रयोगशाळेशिवाय कळायला मार्ग नाही. त्यांतल्या एका पुडीवर बारीक अक्षरांत होतं, ‘फक्त पूजेसाठी’. झालं, कंपनी सुटली!

कुंकवाने कपाळ काळवंडणं हे त्वचारोगतज्ज्ञांना जुनं आहे. खाज, मग काळपट डाग. १९८०च्या दशकातल्या वैद्यकीय नियतकालिकांत कुंकवातल्या रंगांमुळे होणाऱ्या अशा डागांवर संशोधन छापून आलंय. ‘आम्ही टिकलीवाल्या’ म्हणून सुटका करून घेऊ नका. टिकलीत गोची रंगाची नसते, डिंकाची असते. त्यातल्या पॅरा-टर्शरी-ब्युटिल-फिनॉल नावाच्या रसायनाने कातडीचा रंगच जातो आणि कपाळाच्या मधोमध टिकलीच्या आकाराचा पांढरा डाग राहतो. १९९०च्या सुमारास भारतीय डॉक्टरांनीच हे दाखवून दिलं. ऑफिसातून आल्यावर टिकली आरशाला चिकटवायची आपल्या आयांची सवय खरं तर फार शहाणी होती. चोवीस तास लावून ठेवण्यापेक्षा आरसा खराब झालेला परवडला.

पांढरी डबी

इथपर्यंत मी जरा मजेतच होते. मिरजेत एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंशी बोलले आणि मजा गेली. त्यांना कुंकवाची फार काळजी नव्हती. काळजी होती ती डबीची. उजळ होण्यासाठी लावायच्या क्रीमची डबी. पेशंटला ‘काय लावतेस?’ विचारलं की पहिलं उत्तर हमखास ‘काहीच नाही’ असतं. तिसऱ्या व्हिजिटला पर्समधून डबी निघते.

२०२३च्या सुरुवातीला अकोल्याची एक केस पेपरांत आली होती, आठवत असेल. स्थानिक पार्लरमधून घेतलेलं क्रीम एक तरुणी आणि तिच्याबरोबर तिची आई आणि बहीण, अशा तिघी लावत होत्या. रंग उजळला, कौतुक झालं. काही महिन्यांनी तिघींच्याही किडन्यांना त्रास सुरू झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतल्यावर धागा क्रीममधल्या पाऱ्यापर्यंत पोचला. केरळमध्ये याचा पद्धतशीर अभ्यास झाला. जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात तिथे किडनीच्या एका विशिष्ट विकाराचे २२ रुग्ण आले. त्यांतल्या १५ जणांत विकाराचा एक दुर्मीळ प्रकार सापडला, आणि त्या १५ पैकी १३ जणांनी फेअरनेस क्रीम वापरल्याचं सांगितलं. बहुतेकांची तब्येत क्रीम बंद केल्यावर सुधारली, हे त्यातल्या त्यात बरं.

पारा का घालतात? कारण तो काम करतो! कातडीत रंग तयार होण्याची प्रक्रिया तो रोखतो, आठवड्या-दोन आठवड्यांत ‘ग्लो’ येतो. मग तो रक्तात जातो आणि किडनीच्या गाळणीवर बसतो. लघवीतून प्रथिनं जायला लागतात, लघवीला फेस येतो, पाय सुजतात. चेहऱ्यावरच्या क्रीमचा आणि पायाच्या सुजेचा संबंध कुणाच्या डोक्यात येणार? पाऱ्याबद्दलच्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय कराराने २०२३च्या परिषदेत १ पीपीएमची सूटही काढून टाकली. पारा घातलेली सगळीच प्रसाधनं २०२५पर्यंत बंद करायची, असं ठरलं. भारत २०१८पासून या करारात आहे.

दुसरी भानगड स्टेरॉइडची. औषधाच्या दुकानातून खाजेची ट्यूब आणून चेहऱ्याला लावायची पद्धत इतकी बोकाळली, की २०१८मध्ये केंद्राने अशा १४ मलमांना ‘डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय नाही’च्या यादीत टाकलं. पार्लरमध्ये तीच ट्यूब दुसऱ्या क्रीममध्ये कालवली की ना चिठ्ठी, ना नाव.

सांगलीतल्या एका पार्लरमध्ये मी ‘लग्न आहे, महिन्याभरात काहीतरी फरक पडेल असं द्या’ म्हणाले. पांढरी डबी समोर आली. वर मोत्याचं चित्र, २० ग्रॅम, किंमत साडेतीनशे. खाली उत्पादकाचा पत्ता नाही, बॅच नंबर नाही, लायसन्स नंबर नाही, मुदतीची तारीख नाही. ‘यात काय आहे?’ विचारलं तर उत्तर, ‘आयुर्वेदिकय, मॅडम.’ त्या डबीत पारा होता की नुसतं व्हॅसलीन, मला माहीत नाही. पण पत्ता आणि लायसन्स नंबर नसलेली डबी विकणं हाच मुळात गुन्हा, आत काहीही असो. घटकांची यादी मात्र मागायची सोय नाही. नियमातच सूट आहे, ३० ग्रॅमपेक्षा कमी क्रीम-पावडर आणि ६० मिलिलिटरपेक्षा कमी द्रव असेल, तर घटक छापायची गरज नाही. आता आठवा बरं, कुंकवाची डबी किती ग्रॅमची असते? काजळ? उजळवणारं क्रीम? आपल्या लंच टेबलावरच्या लेबल रीडरला वाचायला शॅम्पूच उरतो.

मग बघतं कोण?

अन्न व औषध प्रशासन. साताऱ्यात आणि सांगलीतही त्यांचं कार्यालय आहे. पण तिथले औषध निरीक्षक हे आधी औषधांचे निरीक्षक. मेडिकल स्टोअर्स, रक्तपेढ्या, बनावट गोळ्या, सगळं त्यांच्याच गळ्यात. शिवाय औषध विकायला परवाना लागतो, सौंदर्यप्रसाधन विकायला लागत नाही. बनवायला लागतो. म्हणजे कारखान्याची नोंद सरकारकडे असते. मोती चौकातल्या, गणपती पेठेतल्या आणि पार्लरमधल्या विक्रीची कुठेच नसते. निरीक्षकाने ठरवलं, तरी आधी दुकान शोधावं लागणार.

शिक्षा किरकोळ नाही. तब्येतीला घातक पदार्थ असलेलं प्रसाधन बनवलं किंवा विकलं, तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि किमान पन्नास हजार दंड. पण त्यासाठी नमुना प्रयोगशाळेत जायला हवा. आणि इथे कायद्यात एक कलम आहे, ज्याबद्दल मला या चकरेआधी पत्ता नव्हता आणि माझ्या ओळखीतल्या एकाही लेबल रीडरला नाही. कलम २६. तुम्ही-आम्ही, कुठलाही ग्राहक, विकत घेतलेलं औषध किंवा सौंदर्यप्रसाधन ठरलेली फी भरून सरकारी विश्लेषकाकडे तपासायला देऊ शकतो. त्याचा सही केलेला अहवाल मिळतो. आणि कलम ३२ म्हणतं, खटला फक्त निरीक्षकानेच भरायचा असं नाही. ज्याचं नुकसान झालं तो माणूस किंवा मान्यताप्राप्त ग्राहक संघटनाही भरू शकते.

अर्थात, वस्तू कुठून आणि काय म्हणून घेतली, हे दाखवता आलं पाहिजे. पांढऱ्या डबीचं बिल मागितल्यावर पार्लरवाल्या बाईंनी ती माझ्या हातातून परत घेतली आणि ‘स्टॉक संपलाय’ म्हणाल्या. गणपती पेठेतल्या पुड्यांचं बिल मात्र मी हट्टाने लिहून घेतलं. त्यावर निळ्या पेनाने सुवाच्य अक्षरात लिहिलंय : ‘पूजा साहित्य, ३ नग.’